विस्तव न लागलेली कॉफी

मला कॉफीची किळस येते. न आवडणं वेगळं. कारलं मला आवडत नाही, पण ताटात आलं तर गिळते. कॉफीचा वास आला की मात्र ओकारीच्या आधी सुटतं तसं तोंडाला पाणी सुटतं आणि मी उठून बाहेर जाते. शाळेतल्या माझ्या सहशिक्षिका म्हणायच्या, बाईंचे नखरे फार. म्हणोत बापड्या. त्यांनी आमच्या घरातली बरणी पाहिली नव्हती.

ती बरणी बाबांनी देवळाली कॅम्पातून आणली. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट, मी सहावीत होते. बाबा कॅम्पातल्या एका कचेरीत कारकून होते आणि आम्ही नाशिकरोडला स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका कॉलनीत दोन खोल्यांत राहायचो: बाबा, आई आणि मी. बाबा सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचे. कुणा अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या घरातलं नको असलेलं सामान कॅम्पच्या बाजारात विकायला यायचं. जाड काचेची, रुंद तोंडाची ती बरणी त्यातलीच. आईला वाटलं, बरं झालं, यंदा कैरीचं लोणचं जास्त घालता येईल. बाबा म्हणाले, "हिला हात लावायचा नाही. ही कॉफीची."

आमच्या कॉलनीत तेव्हा कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. कुणी आजारातून उठलं किंवा कुणाचा साहेब घरी यायचा असला तर करायची. बाबांची कॉफी तसली नव्हती. कचेरीशेजारच्या मेसमध्ये एक म्हातारा खानसामा होता, त्यानं ती बाबांना शिकवली होती. जाड दळलेली पूड गार पाण्यात भिजत घालायची, आख्खा दिवस आणि आख्खी रात्र तशीच ठेवायची, गाळायची आणि बर्फ घालून प्यायची. चुलीजवळसुद्धा न्यायची नाही. विस्तव लागला की कॉफीचा आत्मा जळतो, असं त्या खानसाम्याचं म्हणणं.

आम्ही बौद्ध. माझ्या जन्माच्या आधीच आजोबांनी धम्म स्वीकारला होता आणि घरात देव, आत्मा, शुभ-अशुभ असलं काही उरलं नव्हतं.

"आत्मा आपण मानत नाही," बाबा आईला म्हणाले, "पण कॉफीपुरता मानू."

"चहाला काय धाड भरलीय?" आई म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बाबा पूड भिजत घालायचे. कॅम्पच्या बाजारातल्या एका दुकानातून ते लापशीच्या रव्याएवढी जाड दळून आणायचे. पाणी आमच्या माठातलं, कारण फ्रिज आमच्याकडे नव्हता आणि कॉलनीत कुणाकडेच नव्हता. भरलेली बरणी माठाच्या तिवईखाली ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. पोतं वाळू द्यायचं नाही, हे काम माझं. शाळेतून आल्यावर पोत्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि बरणीत डोकवायचं. दुपारपर्यंत पूड फुगून वर आलेली असायची, वर बोटभर जाड साय धरल्यासारखी. सायीत मध्येच एखादा बुडबुडा उठायचा आणि फुटायचा. खालचं पाणी आमच्या गल्लीच्या टोकाला गटार तुंबलं की साचायचं त्या रंगाचं. वास मी कसा सांगू? करपलेला तवा भिजत टाकावा आणि दोन दिवस विसरून जावं, तसा काहीसा.

गाळायचं कामही माझ्याच गळ्यात होतं, कारण शनिवारी माझी शाळा सकाळची असायची आणि बाबा दुपारी कचेरीतून यायच्या आत ती गाळून तयार हवी असायची. गाळणं म्हणजे बाबांच्या जुन्या बनियनचा पाठीचा तुकडा. आईनं तो दोनदा उकळून दिला होता, पण बनियन ते बनियनच. मी तो पातेल्यावर धरायचे, चोथा त्यात पडायचा आणि मग तो पिळायचा. तपकिरी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत यायचं. चोथा हाताला बुळबुळीत लागायचा. कितीही साबण लावला तरी वास सोमवारपर्यंत बोटांना असायचा आणि माझ्या शेजारी बसणारी मुलगी वही सरकवून लांब बसायची. पहिल्यांदा चोथा मी मोरीत टाकला. मोरी तुंबली. बाबांनी तार घालून तो काळा गाळ ओढून काढला, तेव्हा आई पदर नाकाला लावून म्हणाली, "घरात मेलेलं मांजर परवडलं, पण हा काढा नको."

बाबांनी मला एक चमचाभर चाखायला दिली होती. मी मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाही. त्यानंतर त्यांनी आग्रह केला नाही, पण नुसता चमचा समोर आला तरी माझं तोंड आपोआप वाकडं व्हायचं. ते बघून बाबा हसायचे.

हा सगळा खटाटोप काकांसाठी होता.

काका म्हणजे बाबांच्या कचेरीतले मित्र. पंचवटीत घाटाजवळ त्यांचं घर, धाकटे भाऊ यात्रेकरूंची पूजा सांगायचे, हे नोकरीत शिरलेले. पंचवटीतून सिटी बसनं नाशिकरोडला यायचे आणि तिथून बाबांबरोबर पॅसेंजर धरायचे. आठ वर्षं दोघं एका बाकावर बसून गेले, एका बाकावर बसून आले. एक पेपर दोघांत वाचायचे. शब्दकोडं अर्धं जाताना, अर्धं येताना. शनिवारी कचेरी लवकर सुटायची, मग बसची वेळ होईपर्यंत काका आमच्याकडे यायचे. बसायचे, गप्पा मारायचे, चहा प्यायचे. मला गणितं घालायचे, बरोबर आली की पाठ थोपटायचे. खांद्याला पिशवी आणि पिशवीत फिरकीचा तांब्या. पाणी बदललं की बाधतं, म्हणायचे. बाबाही म्हणायचे, पोट नाजूक आहे हो त्यांचं.

आईचं माहेर वणीच्या पुढचं एक खेडं. तिच्या लहानपणी तिथल्या चहाच्या दुकानात आमच्या लोकांचे कप वेगळे असायचे. बाहेर खुंटीला टांगलेले. आपणच काढायचा, पिऊन आपणच धुऊन परत टांगायचा. आई हे कधी रडून सांगायची नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. त्यावर बाबा हमखास म्हणायचे, "ते दिवस गेले. बघ, काका आपल्याकडे येतात. बशीत ओतून चहा पितात." बाबांना तेवढंच हवं होतं: हा माणूस खरोखर आपला मित्र आहे, हे एकदा तिच्या तोंडून ऐकायचं. ती कधी हो म्हणाली नाही, कधी नाही म्हणाली नाही. त्यामुळे बाबा दर शनिवारी काकांसाठी काहीतरी नवीन काढायचे. कधी वर्गणी काढून आणलेला पेपरचा दिवाळी अंक, कधी बुद्धिबळाचा पट. त्या एप्रिल महिन्यात त्यांनी कॉफी काढली.

महिनाभर आधी आमच्यावर प्रयोग झाले. पूड कमी, पूड जास्त, साखरेचा पाक, दूध घालून, दुधाशिवाय. एकदा पोतं वाळलं आणि बरणी आंबली. ती गाळताना मी खरंच ओकले आणि आईनं मला बाजूला सारून उरलेलं स्वतः गाळलं. इतकी घाण एका घरात, एका माणसाच्या लाडासाठी! तेव्हा मी लहान होते, म्हणून मनात म्हणायचे. आता लिहिते.

शेवटी एकदाची बाबांच्या मनासारखी झाली. त्या शनिवारी ऊन मी म्हणत होतं. बाबांनी स्टेशनबाहेरून बर्फ घेतला, भुशातला, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, आणि काकांना घेऊन घरी येईपर्यंत तो विरघळून त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. काका लोखंडी खुर्चीवर बसले. आईनं नेहमीसारखा पाण्याचा पेला त्यांच्यापुढच्या स्टुलावर ठेवला आणि ती आत गेली. बाबांनी काचेचे तीन पेले भरले, बर्फ घातला, दूध घातलं आणि ट्रे स्वतः घेऊन बाहेर आले. घरात पाहुण्याला काही द्यायला बाबा स्वतः ट्रे घेऊन आलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

"हे काय?" काका म्हणाले.

"थंड कॉफी. मेसमध्ये साहेब लोक पितात ती. अजिबात विस्तव दाखवलेला नाही. काल सकाळपासून माठातल्या पाण्यात भिजत होती. पोरीनं गाळलीय."

बाबा एकेक गोष्ट कौतुकानं सांगत होते. आमचा माठ, आमचं पाणी, माझे हात. आपण काय सांगतोय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अरे वा," काका म्हणाले, पण त्यांनी पेला उचलला नाही. "मला गार सोसत नाही हो. घसा धरतो."

"परवा तर स्टेशनबाहेर रस घेतलात की! दोन ग्लास, बर्फ घालून."

"तो रस, राव. हे पाणी झालं."

बाबा हसत होते, तसेच थांबले. काकांनी आतल्या दाराकडे बघून आवाज दिला, "वहिनी, तुम्ही आपला चहाच टाका. नाहीतर असं करा, हीच जरा उकळून द्या. एकदा विस्तव लागला की कशाचा दोष राहत नाही."

पोह्यांवर थोडं खोबरं घाला म्हणावं, तितक्या सहज म्हणाले. त्यात राग नव्हता, आढ्यता नव्हती. माणसाला आपण काय बोललो याची जाणीव असती, तर मला इतकी किळस आली नसती.

मला वाटलं, बाबा आता काहीतरी बोलतील. बाबांनी ट्रे उचलला. ते आत आले, स्टोव्हला पंप मारला आणि काकांचा पेला बर्फासकट पातेल्यात ओतला. आई म्हणाली, "द्या इकडं." बाबांनी दिलं नाही. ते स्वतः ढवळत उभे राहिले. उकळी आली, फेस वर चढला, आणि दूध फाटलं. कॉफी थोडी आंबली असणार, किंवा दूधच सकाळचं होतं. तपकिरी पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. आई हळूच म्हणाली, "टाकून द्या. चहा करते." बाबांनी ते तसंच कपात गाळलं. गुठळ्या गाळण्यातून दाबून काढल्या, त्यातल्या काही कपात उतरल्याच. ते घेऊन बाबा बाहेर गेले.

मी दारातून बघत होते. काकांनी कप उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली आणि भुरका घेतला. मिशीला एक पांढरा कण चिकटला. दुसरा भुरका. तिसरा. नासलेल्या दुधाची ती राड त्यांनी बशीच्या तळापर्यंत प्यायली.

"फक्कड!" ते म्हणाले. "अशी कॉफी पाजायची सोडून ते गार काय देत होता!"

बाबा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. नेहमी जायचे तसे गेले, पण लवकर परतले. आई पातेलं घासत होती. स्टुलावर पाण्याचा पेला नव्हता. बाबांनी स्टुलाकडे बघितलं, मग मोरीकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "आठ वर्षं तो पेला मी भरलेलाच उचलते. तुम्ही त्यांना सोडायला कोपऱ्यावर जाता ना, तवर ओतून मोकळी. तुम्हाला दिसाया नको."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं एवढं एकच माणूस होतं कचेरीत. ते बी मी काढून घेऊ?"

बाबा पुढच्या खोलीत जाऊन बसले. गाळून परत बरणीत भरलेली निम्मी कॉफी अजून उरली होती. ती मी गल्लीच्या टोकाच्या गटारात ओतून आले. कुणी मला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

आईचा मला त्या दिवशी फार राग आला. आठ वर्षं पेले ओतत बसली, काय मिळवलं? पण पुढं ऐंशीच्या दशकात मी शिक्षिका झाले, भाड्याच्या खोलीत राहायला लागले, शाळेतल्या बायका अधूनमधून घरी यायच्या. एकदा लक्षात आलं की त्यांची चप्पल दारात वाजली की मी धावत जाऊन आधी स्टोव्ह पेटवते. पाणी पुढं करतच नाही. करायचंच नाही, म्हणजे कुणी घेतं की नाही ते कळायचंही नाही. त्यातल्या कितीजणी गटागटा पाणी प्यायल्या असत्या, देव जाणे. देव मानत नाही मी, पण जीभ वळते. हे ध्यानात आलं तेव्हा मला स्वतःची जी शिसारी आली, तिच्यापुढं बरणीची काहीच नव्हती.

बाबा मात्र वेगळे निघाले. कॉफीच्या त्या शनिवारनंतरचा आठवडा ते रोज त्याच पॅसेंजरनं गेले, त्याच बाकावर बसले. आई विचारायची, "बोलता का त्यांच्याशी?" बाबा म्हणायचे, "कोडं सोडवतो." शुक्रवारी त्यांनी पूड भिजत घातली नाही. शनिवारी दुपारी काकांना घेऊन घरी आले.

काका खुर्चीवर बसले. पिशवी पायाशी ठेवली. "काय गं, नऊचा पाढा पाठ झाला का?" मला म्हणाले. मी सहावीत होते, पण त्यांचा तो नेहमीचा विनोद होता. आतून काड्यापेटीचा आवाज आला.

"स्टोव्ह पेटवू नकोस," बाबा म्हणाले.

ते उठले. माठावरचं झाकण काढलं, ओगराळ्यानं पाणी घेतलं, पेला काठोकाठ भरला, रुमालानं खालून पुसला आणि काकांसमोर धरला.

"घ्या."

"वहिनी चहा टाकताहेत ना?"

"चहा नाही आज. पाणी आहे."

काका पेल्याकडे बघत राहिले. त्यांनी ओठ आत ओढले, नाकपुड्या आखडल्या, गळ्याची घाटी वर गेली. ते तोंड मी ओळखलं. चमच्यातली कॉफी समोर आली की माझं व्हायचं ते तोंड. मला निदान त्या घाणीत हात घालावा लागला होता. या माणसानं आमच्या पाण्याचा एक थेंब कधी जिभेवर ठेवला नव्हता, तरी त्याच्या पोटातून खरोखरची किळस वर येत होती. नाटक नव्हतं ते. नाटक असतं तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं.

"ठेवा ना तिथं," काका म्हणाले. "घेतो."

बाबांनी पेला स्टुलावर ठेवला आणि समोर बसले. काका साहेबांच्या बदलीबद्दल बोलले. पॅसेंजर हल्ली किती उशिरा सुटते, त्याबद्दल बोलले. बाबा हं हं म्हणत होते आणि पेल्याकडे बघत होते. काकाही दुसरीकडे बघत पेल्याकडेच बघत होते. मग त्यांनी पिशवी उचलली.

"निघतो. बस चुकायची."

"बरं," बाबा म्हणाले. ते उठले नाहीत. काका दारात चप्पल घालताना एकदा मागे वळले, बाबा कोपऱ्यापर्यंत येतील म्हणून असेल, आणि मग एकटेच गेले.

आई सवयीनं पुढं आली आणि तिनं स्टुलावरच्या पेल्याला हात घातला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "मला बघू दे."

आईनं हात मागं घेतला आणि ती त्यांच्याशेजारी खाली बसली.